सांदवाडीतल्या झोळीसाठी लाकडी स्टँड

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, झोळी बांधायला नेमक्या अंतरावरची दोन झाडं फार थोड्या घरी असतात. मग सर्रास सल्ला मिळतो की दोन खांब आणा, दोन फूट गाडा, झालं काम. मुरमाड जमिनीत हे चालेलही, पण आपल्या काळ्या मातीत अजिबात नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ओढ बसलेले खांब आत झुकत जातात. शिवाय गाडलेलं लाकूड उधईला, म्हणजे वाळवीला, आयतंच मिळतं. म्हणून स्टँड जमिनीवर टेकलेलाच हवा. तो सावलीमागे सरकवताही येतो, आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की तेच महत्त्वाचं ठरतं.

लाकूड जुनं घ्या. पाडलेल्या घराचं सागवानी मयाल, म्हणजे तुळई, मिळालं तर दुसरं काही बघूच नका. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता पिळणार नाही. बाभूळ मजबूत आहे, बैलबंडीला उगाच वापरत नव्हते. पण ओली बाभूळ घेऊ नका, वाळताना ती फाटते. नवीन सागवान घेतलं तर आरामशीनवरून पक्की पावती आणि वाहतूक परवाना सोबत आणा.

माप दहा फूट झोळीचं देतो. पाया, म्हणजे तळाचं लांब लाकूड, चार बाय चार इंची, दहा फूट लांब. झोळी ज्यांना बांधायची ते दोन तिरपे हात त्याच जाडीचे, सव्वापाच फुटांचे. दोन टेकू चार बाय तीनचे, साडेतीन फुटांहून थोडे जास्त. दोन आडवे पाय चार-चार फुटांचे, तळाच्या लाकडाच्या टोकांखाली.

हात तळाच्या लाकडाच्या टोकापासून अडीच फूट आत उभे राहतात आणि ६० अंशात बाहेर झुकतात. कोनमापक लागत नाही. सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या खिळ्यांनी त्रिकोणात जोडा, प्रत्येक कोपरा ६० अंशांचाच येतो. हा त्रिकोण जपून ठेवा, सगळं काम त्याच्यावर आहे.

आता हात, टेकू आणि पाया यांचा जोड. याच जोडाने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

हात बाहेर झुकलेला दिसतो, त्यामुळे तो बाहेरच पडेल असं वाटतं आणि लोक टेकू बाहेरून लावतात. कितीतरी वाढई, म्हणजे सुतारही, तसंच सांगतात. पण माणूस झोळीत बसला की दोर हाताला आत खेचतो. बाहेरच्या टेकूला मग नुसता ताण बसतो. तो सगळा बोल्टवर येतो आणि बोल्टाचं भोक हळूहळू लांबट होत जातं. टेकू आतून द्या. आत खेचला जाणारा हात टेकूला दाबतो, टेकू पायाला दाबतो, म्हणजे भार लाकडावर जातो आणि बोल्टाला फक्त जोड जागेवर धरायचा असतो.

हाताच्या बुडापासून पायावर आतल्या बाजूला दोन फूट मोजा, हातावरही दोन फूट. दोन्ही अंतरं सारखी ठेवली की टेकूची दोन्ही टोकं एकाच, ३० अंशांच्या कोनात कापली जातात. टेप लावून कापू नका. अंगणात चुन्याने पूर्ण मापाचा आराखडा काढा, लाकडं त्यावर मांडा आणि टेकू वर ठेवूनच खूण करा. करवत रेघेच्या बाहेरून चालवा. उरलेलं रंध्याने काढता येतं, कमी पडलेलं भरता येत नाही.

टेकूचं खालचं टोक पायावरून आत घसरू पाहतं. त्याला अडवायला पायात पाऊण इंच खोल खाच घ्या. हाताच्या बुडालाही तशीच खाच. पटाशीने तळ असा साफ करा की टोक बसल्यावर फटीत पोस्टकार्ड जाणार नाही. फट राहिली तर पाचर मारू नका, टोक काढून पुन्हा घासा. पाचर उन्हात सुकून गळते आणि स्टँड करकरायला लागतो.

मग प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि आरपार १२ मिलिमीटरचे बोल्ट, वायसर घालून. भोकही बारा मिलिमीटरचंच, आणि ते दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, नाहीतर तिरकं निघतं. खिळ्यांवर हा जोड कधीच सोडू नका.

हाताच्या वरच्या टोकाखाली चार इंचांवर आरपार आय-बोल्ट, मागे नट. लाकडात पिळून बसवायचा हुक नको, तो उपटून येतो.

आडवे पाय बोल्टने कसा, सगळ्याला जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, पायांच्या बुडाला डांबर लावा आणि खाली फरशीचे तुकडे ठेवा.

झोळी ताणून बांधू नका. ८० किलोचा माणूस बसल्यावर दोर आडव्या रेषेशी ३० अंशात असेल, तर प्रत्येक दोरावर ८० किलोच ओढ येते. तोच दोर १० अंशात आला की ओढ २३० किलोवर जाते. चांगली झोळी ढिली दिसते. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर आलं की दोर बरोबर आहे.

आधी धान्याचं भरलेलं पोतं रात्रभर टांगून ठेवा. सकाळी त्रिकोण जोडाला लावून पाहा. हात आत आला असेल तर खाच नीट बसलेली नाही, ती पुन्हा करा. पहिला उन्हाळा सरला की लाकूड आकसतं, तेव्हा पाना घेऊन सगळे नट एकदा कसून घ्या. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी हेच करा, आणि त्याच वेळी फरशीखाली उधईची माती चढली आहे का तेही बघा.