वर्गाच्या ब्लॉगवर व्हिडिओ लावायला मुलांना कसं शिकवायचं

सातवी-आठवीच्या मुलांना हे शिकवायला दोन तासिका पुरतात. बटणं कुठली दाबायची ते पंधरा मिनिटांत येतं त्यांना, खरा वेळ द्यायचा तो व्हिडिओ निवडायला आणि त्याच्या वर-खाली काय लिहायचं याला. मी आधी बटणांपासून सुरुवात करायचे, मग मुलं एका पोस्टमध्ये पाच-पाच व्हिडिओ चिकटवायची आणि स्वतःचं वाक्य एकही नसायचं. म्हणून आता आधी वही. तीन वाक्यं लिहायची: व्हिडिओत काय आहे, नेमकं कुठून बघायचं, आणि बघताना मला कोणता प्रश्न पडला. वहीत तीन वाक्यं झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात नाही.

उदाहरण म्हणून मी चांद्रयान-३ घेते, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहाच्या सुमाराला लँडर उतरला त्याचं इस्रोचं थेट प्रक्षेपण. ते आहे तासाभराहून मोठं, पूर्ण कोणी बघणार नाही, म्हणून उतरण्याचा भाग तेवढा शोधायचा. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, "यान खाली येता येता मधेच थांबल्यासारखं का झालं?" बरोबर पकडलं होतं त्याने, चंद्रापासून साधारण १५० मीटरवर लँडर तरंगत थांबून उतरायला सुरक्षित जागा बघत होता. असा प्रश्न व्हिडिओच्या वर लिहिलेला असला की वाचणारा तेवढ्यासाठी तरी प्ले दाबतोच.

आता लावायचं कसं. आमचा ब्लॉग ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉगची सेवा) आहे म्हणून तेच सांगते. यूट्यूब फोनच्या ॲपमध्ये नको, ब्राउझरमध्ये उघडा, ॲपमध्ये शेअर केलं की नुसती लिंक मिळते, एम्बेडचा, म्हणजे व्हिडिओ आपल्याच पोस्टमध्ये चालवणाऱ्या कोडचा, पर्याय दिसत नाही. व्हिडिओ हव्या त्या जागी पॉज करा, खाली शेअर, मग एम्बेड. कोडची चौकट उघडते, तिथेच खाली स्टार्ट ॲट म्हणून एक चौकोन आहे, त्यावर टिक केलं की व्हिडिओ त्याच सेकंदापासून सुरू होतो. त्याच्याच आसपास प्रायव्हसी-एनहान्स्ड मोड आहे (ब्लॉगवर काय बघितलं ते यूट्यूब पुढच्या शिफारशींसाठी वापरत नाही), मुलांचा ब्लॉग आहे म्हटल्यावर तीही टिक करायचीच. मग कॉपी.

पोस्टमध्ये पेस्ट करताना सगळ्यांचं एकच अडतं. मागच्या बाकावरची एक मुलगी हाक मारते, "मॅडम, माझ्या पोस्टमध्ये व्हिडिओ नाही, नुसतं इंग्रजीच दिसतंय!" जाऊन बघितलं तर कोड कंपोज व्ह्यूमध्ये (आपण नेहमी लिहितो तिथे) पेस्ट केलेला, त्यामुळे ब्लॉगरने तो साधा मजकूर समजून जसाच्या तसा दाखवला. टूलबारच्या डाव्या टोकाला पेन्सिल आहे, ती दाबून एचटीएमएल व्ह्यू (कोडसाठीचा) घ्यायचा, तिथे पेस्ट करायचं, परत कंपोजमध्ये यायचं. ही चूक मुलांना मुद्दाम करू द्या, एकदा डोळ्यांनी बघितली की परत विचारत नाहीत. (वर्डप्रेसवर असाल तर हा खटाटोप नाही, व्हिडिओची लिंक वेगळ्या ओळीत पेस्ट केली तरी चालते.)

कोडमध्ये विड्थच्या (रुंदीच्या) पुढे ५६० लिहिलेलं असतं, त्या जागी १००% करा, कारण घरी आई-बाबा ब्लॉग फोनवरच बघतात आणि ५६० ठेवलं तर लहान स्क्रीनवर व्हिडिओ उजवीकडे कापला जाऊ शकतो. आणि एका पोस्टमध्ये एकच व्हिडिओ, फार तर दोन, सगळ्यांकडे नेट सारखं नसतं.

पब्लिश करायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये प्रत्यक्ष प्ले करून बघायचं, नुसतं चित्र दिसलं म्हणजे झालं असं नाही. काही व्हिडिओ मालकाने दुसऱ्या साइटवर चालायला बंद केलेले असतात, वयाची अट असलेलेही बाहेर चालत नाहीत, अशा वेळी दुसरा शोधायचा. व्हिडिओच्या खाली चॅनेलचं नाव लिहायचं, कोणी बनवलंय त्याचं श्रेय द्यायचंच, याला माझ्याकडे सूट नाही. डाउनलोड करून आपल्या नावाने परत चढवणं तर अजिबात नाही.

मुलांनी स्वतः केलेला व्हिडिओ असेल, समजा ज्वालामुखीचा प्रयोग, तर तो शाळेच्या अकाउंटवरून अनलिस्टेड ठेवून लावा. प्रायव्हेट केलात तर ब्लॉगवर चालणारच नाही. अनलिस्टेड सर्चमध्ये येत नाही पण लिंक मिळाली की कोणीही बघू शकतो, म्हणून पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, नावं घालू नका, आणि शूटिंग करताना कॅमेरा हातांवर नि प्रयोगावर ठेवायला सांगा, चेहऱ्यांवर नको. गूगल अकाउंट स्वतः सांभाळायला आपल्याकडे १३ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे लहान वर्गांचं पब्लिशचं बटण तुम्हीच दाबा, मुलाला शेजारी बसवून.