खर्च फक्त रेल्वेचा: पीक डिस्ट्रिक्टमधला एक दिवस

मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध पसरलेल्या पीक डिस्ट्रिक्टला फाटक नाही की प्रवेशशुल्क नाही. डोंगर, डोंगरांच्या धारा, धरणांचे काठ, बंद रेल्वेमार्गावरच्या पायवाटा, सगळं मोफत. पैसे जातात ते गाडी उभी करण्यात, गुहांच्या तिकिटांत आणि चुकीच्या रेल्वे तिकिटात. ते टाळून ईडेल आणि होप या दोन गावांमधला पायी दिवस कसा आखावा, ते बघू. चाल साधारण ११ ते १२ किलोमीटर, चढ पावणेतीनशे मीटरच्या आसपास. थांबत थांबत पाच तास धरा.

तिकीट. मँचेस्टर आणि शेफील्डला जोडणाऱ्या होप व्हॅली रेल्वेमार्गावरची थांबत जाणारी गाडीच पकडा. मँचेस्टर-शेफील्ड जलद गाड्या या छोट्या स्थानकांवर सहसा थांबत नाहीत. डोंगर चढायचा ईडेलहून आणि परतीची गाडी धरायची होपहून, म्हणून तिकीट दोघांतल्या लांबच्या स्थानकाचं हवं. मँचेस्टरहून येणाऱ्यांनी होपचं परतीचं तिकीट काढून ईडेलला उतरावं. शेफील्डहून येणाऱ्यांनी ईडेलचं काढावं. मँचेस्टरहून ईडेलचंच तिकीट काढलं, तर परतताना होप ते ईडेल हा तुकडा विनातिकीट ठरतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते पंधरा वयाला अर्धं. होपहून परतीच्या गाड्यांच्या वेळा घरूनच लिहून घ्या, कारण ईडेलच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज जेमतेम असते.

सामान. वारारोधक जाकीट, पकड असलेले बूट, माणशी दीड लिटर पाणी, आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल १ डार्क पीक नकाशा. जीन्स नको: भिजली की वाळत नाही आणि धारेवरच्या वाऱ्यात अंग गारठतं. जूनमध्येही एक लोकरी थर पिशवीत असू द्या. धारेवर खाण्यापिण्याचं काही मिळत नाही, म्हणून दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी चटणी बरोबर घ्या.

चढ. ईडेल स्थानकाबाहेर आलात की खालच्या मुख्य रस्त्यावर उजवीकडे वळा. थोड्याच अंतरावर डावीकडे हार्डनक्लफ शेताकडे जाणारी गल्ली लागते. तिथून हॉलिन्स क्रॉसच्या पाट्या धरा. शेतांतली फाटकं जशी दिसली तशीच ठेवून पुढे जा, म्हणजे उघडी असली तर उघडी आणि बंद असली तर बंद. मेंढ्यांचे कळप त्यावरच सांभाळले जातात. शेवटचा टप्पा दमवतो, पण वाट सरळ आहे. हॉलिन्स क्रॉस ही धारेवरची खिंड. इथे पोचलात की दोन्हीकडची खोरी एकदम उघडतात: मागे ईडेल आणि किंडर स्काउटचं पठार, पुढे कॅसलटन गाव.

ही जमीन आज मोकळी आहे, त्यामागे किंडरचा मोठा वाटा आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाहून शेकडो चालणारे, त्यात बरेच तरुण कामगार, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या या पठारावर बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर चालण्याचा हक्क मिळाला. खिंडीत पाच मिनिटं बसा आणि त्या पठाराकडे नीट बघा.

मग उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, माम टॉरचा माथा: उंची ५१७ मीटर. संपूर्ण वाट फरसबंद आहे. फरशा सोडून गवतावरून चालू नका, पायाखालची माती सुटली की पावसात तिची ओघळ होते. माथ्याभोवतीचे मातीचे उंचवटे आणि खंदक म्हणजे प्राचीन डोंगरी किल्ल्याची तटबंदी; सह्याद्रीत गड पाहिलेल्या डोळ्यांना ती लगेच ओळखू येईल. ढग उतरले आणि पुढची फरशी दिसेनाशी झाली, तर माथ्याचा नाद सोडून हॉलिन्स क्रॉसवरून सरळ कॅसलटनला उतरा.

उतार. माथ्यावरून पायऱ्यांनी रस्त्यावर उतरून ब्लू जॉन गुहेच्या दिशेने जा. गुहेच्या पुढे जुना फुटलेला रस्ता लागतो. माम टॉरच्या पोटात ठिसूळ शेल खडक आहे. पाणी मुरलं की डोंगराची ही बाजू सरकते. दुरुस्त्या करून थकल्यावर १९७९ मध्ये रस्ता वाहनांना कायमचा बंद झाला. डांबराचे एकावर एक थर आणि दुभंगलेले कठडे बघत इथून चालत जाणं हा दिवसातला सर्वांत विलक्षण भाग आहे. तडे खोल आहेत, मुलांचा हात सोडू नका. विनॅट्स पासची चुनखडीची खिंडही देखणी आहे, पण तिथे तीव्र उताराच्या रस्त्यावर वाहनांची ये-जा असते. लहान मुलं बरोबर असताना जुना रस्ताच बरा.

कॅसलटनमध्ये गुहा आणि पेव्हरिल किल्ला यांना तिकीट आहे. गाव, ओढा आणि पीक कॅव्हर्न गुहेच्या मुखापर्यंतची वाट मोफत. तिथून पीक्सहोल वॉटर ओढ्याकाठून होप गावापर्यंत सपाट चाल. एक चूक हमखास होते: होप स्थानक गावात नाही, पूर्वेला आणखी किलोमीटरभर पुढे आहे. कॅसलटन सोडल्यावर गाडीसाठी किमान सव्वा तास हाताशी ठेवा. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा दहाच्या आत चढायला लागा.

डोंगरावर शेगडी किंवा निखारे पेटवू नका. पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन आतून धुमसत राहते. अपघात झाला तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरी बचाव पथक, मागा. हे स्वयंसेवक पैसे घेत नाहीत.

भारतातून आलेले आईवडील किंवा बाबागाडी बरोबर असेल, तर हा मार्ग सोडून मोन्सल ट्रेल निवडा. १९६८ मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गावरची १३.७ किलोमीटरची ही जवळपास सपाट वाट बेकवेलजवळून जाते. २०११ मध्ये खुले झालेले तिथले बोगदे दिवसा उजळलेले असतात, पण आत गारवा असतो. शाल बरोबर घ्या. सगळं चालायची गरज नाही: बेकवेलच्या जुन्या स्थानकापासून हेडस्टोन पुलापर्यंत जाऊन परत आलं तरी वाय नदीचं वळण वरून बघता येतं.