परदेशी निकाल वर्गात शिकवताना मी कुठे फसलो

यवतमाळ जिल्ह्यातल्या लॉ कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवायला लागलो तेव्हा मलाही वाटायचं की परदेशातला कायदा म्हणजे नागपूर-पुण्याच्या पोरांचं काम. हे डोक्यातून काढा. आपल्या वर्गातले कितीतरी पोट्टे वावरातून येतात, 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात माणसं गेली आणि काही पीडितांचा दावा 2020 ला तिथल्याच कीटकनाशक कंपनीवर स्वित्झर्लंडात बासेलला दाखल झाला. मी ज्युरिस्डिक्शन, म्हणजे खटला कोणत्या कोर्टात चालू शकतो हा विषय, इथूनच सुरू करतो, लगेच प्रश्न येतो, "सर, तिथं काहून?" आणि तास आपोआप चालतो.

आता मी फसलो ते सांगतो, नीट वाचा. फाशीच्या शिक्षेवर शिकवताना मी 1980 चा बच्चन सिंग निकाल घेतला, ज्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं फाशी वैध ठरवली, आणि लगेच दक्षिण आफ्रिकेच्या संविधान कोर्टाचा 1995 चा मक्वान्याने निकाल, त्यांनी फाशी रद्द केली, आपणही करायला पाहिजे, झालं. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, सर, त्यांच्या संविधानात शब्द काय होते? मी पाहिलेच नव्हते! आपलं कलम 21 म्हणतं की कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीनं जीवित हिरावून घेता येतं. त्यांच्या तेव्हाच्या हंगामी संविधानात जगण्याच्या हक्काला असं शेपूट नव्हतं, शिवाय क्रूर, अमानुष शिक्षेला वेगळी स्पष्ट मनाई होती. म्हणजे शब्दच वेगळे, आणि हा फरक त्या कोर्टानं बच्चन सिंगची चर्चा करताना स्वतःच दाखवलाय, मी फक्त शेवटचा निकाल उचलला होता. म्हणून आधी दोन्ही कलमं फळ्यावर शेजारीशेजारी लिहा, मगच निकाल काढा. आणि परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, हे दर वेळी बोलून दाखवा, नाहीतर पोरं मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, तोच निकाल कायदा म्हणून मांडतात.

आयत्या पीपीटीच्या नादी लागू नका. एका सीनियरनं मला दिली होती, त्यात कलमांचा मजकूर नव्हताच, नुसता निकालाचा सारांश. मक्वान्यानेचा मूळ निकाल सॅफ्लीवर, म्हणजे आफ्रिकेतल्या निकालांच्या वेबसाइटवर, फुकट आहे, मोबाईलवर उघडतो. लांबलचक आहे, तर पाच-सहा परिच्छेदच वाचा, पण मूळचे.

इंग्रजीची भीती वाटेल, मलाही वाटायची, अजून पूर्ण गेली नाही. परिच्छेद इंग्रजीत वाचतो अन् समजावतो मराठीत, पोरांना चालतं. ती प्रश्न विचारणारी पोरगी मराठी मीडियमचीच होती.