गिटारवर पेंटाटॉनिकमध्ये कुठलं बोट कुठे लावायचं? चार्ट जरा बाजूला ठेवा

ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) बॉक्स, म्हणजे हात एका जागी ठेवून वाजवायची सुरांची चौकट, बहुतेक सगळे आधी शिकतात, मीपण तोच शिकले. चार्टवर बोटांचे आकडे छापलेले असतात (१ तर्जनी ते ४ करंगळी), सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेवर १-४, मधल्या तीन तारांवर १-३, आणि बारीक दोन तारांवर परत १-४, म्हणजे आठव्या फ्रेटला करंगळी. स्केल वर-खाली पळवायला हे एकदम बरोबर आहे. घोळ होतो तो सोलो वाजवायला बसलं की.

दुसऱ्या तारेवरचा आठवा फ्रेट घ्या, तिथे जी (G) हा सूर आहे आणि तो बेंड करून, म्हणजे तार ढकलून सूर चढवत, ए (A) ला न्यायचा असतो. मी कित्येक महिने तो करंगळीने ओढत होते आणि सूर मध्येच कुठेतरी लटकायचा, ना धड जी ना धड ए, वर बोट दुखायचं ते वेगळंच. मग कोणीतरी सांगितलं की अगं अनामिका लाव ना तिथे, आणि मागे सातव्या फ्रेटला मधलं बोट, सहाव्याला तर्जनी, तिन्ही त्याच तारेवर, आणि ढकलायचं ते बोटांनी नाही तर मनगटाने, किल्ली फिरवतो तसं. अंगठा मानेच्या वरून बाहेर काढायचा, पकड मिळते. पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून बघा, तो ए आहे, तुमचा बेंड बरोब्बर तिथे पोचला पाहिजे. त्या दिवशी माझा पोचला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बोट फ्रेटवरून ठरवू नका, त्या सुराचं पुढे काय करायचंय त्यावरून ठरवा. बेंड करायचाय तर अनामिका. नुसतं वेगात पुढे जायचंय तर करंगळी चालेल, आणि तेव्हा अंगठा मानेच्या मागे पाहिजे, कारण अंगठा वर आला की करंगळी आखडते (हे आत्ता गिटार हातात घेऊन करूनच बघा). अकूस्टिकवर जाड तारा असतील तर मोठ्या बेंडच्या नादाला लागू नका, तिसरी तार बऱ्याच सेटमध्ये गुंडाळलेली असते, ती हलतच नाही, तिथे सरळ स्लाइड करा, म्हणजे बोट न उचलता तारेवरून सरकवा.

आता दुसरी गोष्ट जी चार्ट सांगत नाही. फ्रेट वर जाताना जवळजवळ येतात. साडेपंचवीस इंची स्केलच्या (इथे स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी) गिटारवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साधारण ९.७ सेंमी, पाचव्या ते आठव्याचं ७.७, आणि बाराव्या ते पंधराव्याचं जेमतेम ५.२ सेंमी. बॉक्स तोच, पण एफ मायनर खाली पहिल्या फ्रेटवर वाजवताना करंगळीशिवाय माझा हात पुरतच नाही (हात छोटा आहे माझा), आणि बाराव्यावर ई मायनर वाजवताना करंगळीची गरजच वाटत नाही, उलट बोटांची गर्दी होते. म्हणजे एकाच बॉक्सची दोन-तीन फिंगरिंग्ज हाताशी असलेली बरी.

मग तो रोलचा प्रकार, म्हणजे एकच बोट लोळवून शेजारच्या तारेवर नेणं. चौथ्या तारेचा सातवा फ्रेट आणि लगेच तिसऱ्या तारेचा सातवा, दोन्हीला अनामिकाच येते. नवशिके बोट उचलून परत ठेवतात आणि मध्ये गॅप पडतो, किंवा आडवं टाकून देतात आणि दोन्ही तारा एकत्र गुणगुणत राहतात. करायचं असं की पहिला सूर बोटाच्या टोकाने दाबा आणि दुसऱ्यासाठी बोट हलकेच पालथं करा, टोक सुटलं की आधीची तार आपोआप गप्प होते. याला वेळ लागतो, मला लागला.

याच ए मायनर पेंटाटॉनिकचे मानेवर असे पाच बॉक्स आहेत, त्यातल्या दुसऱ्या बॉक्समध्ये हात सातव्या फ्रेटवर ठेवा पण सुरुवात मधल्या बोटाने करा, सहाव्या तारेवर ८-१० ला २-४, पाचव्या-चौथ्यावर ७-१० ला १-४, तिसऱ्यावर ७-९ ला १-३, आणि मग बारीक दोन्ही तारांवर ८-१० ला परत २-४. तिथेही दहाव्या फ्रेटवर बेंड घ्यायचा असेल तर हात थोडा सरकवून १-३ करा. बाकीचे तीन बॉक्स याच हिशोबाने तुमचे तुम्हीच लावा.

मला खरं तर बॉक्सपेक्षा तिरका रस्ता जास्त आवडतो. सहावी तार ३-५, पाचवी ३-५-७, चौथी ५-७, तिसरी ५-७-९, दुसरी ८-१०, पहिली ८-१०-१२. फक्त तर्जनी आणि अनामिका, जिथे तीन सूर आहेत तिथे तिसऱ्यावर अनामिकेनेच स्लाइड. दोन बोटांत अडीच-तीन सप्तकं! जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची १९२८ च्या आगीत दोन बोटं कामातून गेली होती आणि तो सोलो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवायचा, त्यामुळे दोन बोटांना कमी लेखू नका.

आणि आपल्याकडचं, म्हणजे रागसंगीतातलं, कोणी हे वाचत असेल तर एक गंमत, हेच पाच सूर ए ला सा धरून वाजवले की धानी, सी वरून भूप, डी वरून मधमाद सारंग, ई वरून मालकंस आणि जी वरून दुर्गा, निदान सुरांपुरतं तरी. पण भूप वाजवायचा तर बॉक्समध्ये बसून मजा येत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लागते, म्हणून मी एकाच तारेवर जाते, दुसरी तार, १-३-५-८-१०-१३, सा रे ग प ध सा. पहिल्या जोडीला तर्जनी-अनामिका, ५-८ ला करंगळी, आणि १०-१३ ला मात्र परत अनामिकाच, तिथे फ्रेट जवळ आलेले असतात आणि वरच्या सा वर थोडं हलवायला तेच बोट बरं पडतं.