फवारा बंद केला, तेव्हा मुंग्या गेल्या

ओट्यावर रोज बारीक, पिवळसर मुंग्यांची रांग लागायची. फवारा मारला की दोन दिवस शांतता, मग रांग दुसऱ्याच कोपऱ्यातून. दिसतात त्या फक्त कामकरी. राण्या आत सुखरूप असतात, आणि या जातीची वसाहत फवाऱ्याने उलट फुटून पसरते, हे मला उशिरा कळलं.

मग 2 कप कोमट पाण्यात 8 चमचे साखर आणि अर्धाच चमचा बोरिक पावडर विरघळवली. भिजवलेले कापसाचे बोळे रांगेलगत ठेवले, मुलांचा हात पोचणार नाही असे. पहिल्या दिवशी गर्दी वाढली. पुसायचा फार मोह झाला, पण आवरला: तेच पाणी मुंग्या घरट्यात नेऊन राण्यांना भरवतात. पावडर जास्त झाली तर वाटेतच मरतात.

दोन आठवड्यांनी रांग थांबली. वाट साबणाच्या पाण्याने पुसली, फट बुजवली.