बीटा-ब्लॉकर घेताय? या चुका टाळा

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, कार्वेडिलॉल या सगळ्या बीटा-ब्लॉकर गटातल्या, हृदय आणि बीपीसाठीच्या गोळ्या. ताण आला की सिंपथेटिक (शरीराला सावध करणाऱ्या) चेतासंस्थेमुळे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही उत्तेजक रसायने सुटतात, ती हृदयावरच्या बीटा रिसेप्टरना (रसायनाचा संदेश पकडणाऱ्या जागांना) चिकटतात आणि धडधड वाढते. या गोळ्या त्याच रिसेप्टरवर आधी जागा अडवतात. ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो, हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे गोळी एकदम बंद करणे. ‘बीपी आता नॉर्मल आहे’, ‘संपल्यात, पुढच्या आठवड्यात आणू’ असे म्हणत ती सुटते. पण बराच काळ अडवणूक झाली की हृदयाच्या पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतात. औषध अचानक थांबले तर तेच अ‍ॅड्रेनॅलिन जास्त रिसेप्टरवर काम करते. नाडी उसळते, बीपी चढते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत मजल जाते. थांबवायचीच असेल तर डॉक्टर साधारण १ ते २ आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात. ऑपरेशनसाठी उपाशी राहायचे असले तरी ही गोळी स्वतःहून गाळू नका, आधी विचारा.

हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसे रक्त पंप करू शकत नाही तेव्हा) सुरुवातीला थकवा वाढतो आणि ‘औषध सोसत नाही’ म्हणून लोक ते सोडतात. ही घाई खरोखर महागात पडते. म्हणूनच बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून सावकाश वाढवतात. फायदा दिसायला काही महिने लागतात. मात्र धाप किंवा पायांची सूज वाढली, वजन झपाट्याने चढले, तर लगेच कळवा.

व्यायामात जास्तीत जास्त ठोक्यांचा ‘२२० वजा वय’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण नाडी तेवढी चढतच नाही. बोलता येईल इतपत दम लागणे हे माप बरे. नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर असेल तर डॉक्टरांना गाठा. शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल.

मधुमेहींनो, साखर उतरल्याची धडधड आणि थरथर या गोळ्या झाकतात. घाम मात्र येतो. तो दिसताच ग्लुकोमीटर लावा.

दमा असेल, किंवा व्हेरापामिल, डिल्टियाझेम (हृदय आणि बीपीचीच औषधे, तीही ठोके मंदावतात) चालू असेल, तर ते आधीच सांगा. काचबिंदूचे टिमोलॉल थेंबही याच गटातले आहेत आणि डोळ्यातून रक्तात उतरून ठोके मंदावू शकतात. औषधांच्या यादीत तेही लिहा.