जुनी बेस गिटार बघायला निघण्याआधी

नवरात्र संपून दिवाळीची साफसफाई झाली की बडोद्यात जुन्या वाद्यांच्या जाहिराती एकदम दिसायला लागतात, हा माझा गेल्या काही वर्षांचा अनुभव. गरब्याच्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बेस (गाण्याचे खालचे, जाड सूर) कीबोर्डवरच वाजवतात, त्यामुळे कुणीतरी हौसेने घेतलेली बेस गिटार नऊ दिवस स्टँडवर उभी राहते, मग माळ्यावर जाते आणि तिथून आपल्यासारख्यांकडे येते. नवरात्राच्या आधीचा महिना मात्र टाळा, तेव्हा सगळ्यांनाच हवी असते आणि विकणारा हलत नाही. आता आमच्या दांडिया बाजारातल्या पुतण्याला घ्यायचीय, बजेट दहा हजार, म्हणून त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट घरीच ठरवायची. दहा असतील तर गिटार सातची बघायची आणि तीन बाजूला ठेवायचे, कारण जुन्या गिटारवरच्या तारा मेलेल्याच असतात, नव्या चांगल्या सेटला दीड-दोन हजार जातात, आणि बाकीच्या किरकोळ कामालाही पैसे लागतातच. सगळे पैसे गिटारमध्ये घालून मग मेलेल्या तारांवर शिकणारी मुलं मी बघितलीत, दोन महिन्यांत कंटाळतात आणि दोष स्वतःच्या बोटांना देतात, फार वाईट वाटतं.

मग पिशवी भरायची. मेजर टेप, एलन कीचा सेट (मिलिमीटरचा आणि इंचाचा दोन्ही, कारण समोर कुठला नट निघेल सांगता येत नाही), एक फुली डिसमिस (बडोद्यात आम्ही स्क्रूड्रायव्हरला हेच म्हणतो), छोटा टॉर्च, मल्टिमीटर, आपली स्वतःची चालू असलेली केबल, हेडफोन लागणारा छोटा ॲम्प (ॲम्प्लिफायर), नवी ९ व्होल्टची बॅटरी, एक जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि फडकं. ट्यूनर मोबाईलमध्ये असतोच. हेडफोन मुद्दाम सांगतोय, कारण बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि छोट्या स्पीकरला तो सूर धड काढताच येत नाही, मग तुम्हाला वाटेल गिटारच पातळ आवाजाची आहे. आणि विकणाऱ्याच्या घरी गिटारचा साधा ॲम्प असेल तर त्यावर बेस जोरात वाजवू नका, त्याचा स्पीकर फाटायचा.

तिथे पोचल्यावर आधी टेप काढा. नटपासून (नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, वरच्या टोकाची खाचांची पट्टी, स्क्रूचा नट नव्हे) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) १७ इंच आले म्हणजे स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तो याच मापाचा आणि तेव्हापासून हेच माप रूढ झालंय, म्हणून तारा, नेक, पार्ट सगळं या मापात सहज मिळतं. ३० इंचाची शॉर्ट स्केल लहान हातांना खरंच बरी पडते, पण तिच्या तारा शोधत बसावं लागतं, तेव्हा तयारी असेल तरच घ्या.

आता नेक. इथे घाई अजिबात करायची नाही, अर्धा तास गेला तरी चालेल, कारण गिटारमधलं बाकी सगळं आपल्याला बदलता येतं पण नेक बदलायचा म्हणजे जवळजवळ दुसरी गिटार घेणं. सुतार फळी डोळ्याला लावून बघतो ना तसं ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) बाजूने नेकवरून नजर टाका, दोन्ही कडा सरळ जातायत की एक वर आणि एक खाली पिळली गेलीय ते दिसतं. पिळलेला नेक असेल तर चहा पिऊन, आभार मानून परत या. नुसता वाकलेला असेल तर बघण्यासारखं आहे. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा, मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट असली की छान. जास्त असली तर विचारून ट्रस रॉडला (नेकच्या आतली, वाक काढणारी धातूची सळई) एलन की लावा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी थोडी फिरवा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. फिरतेय म्हणजे रॉड जिवंत आहे. हे मी इतकं लावून धरतो कारण माझी पहिली बेस मी रंग बघून घेतली होती, विकणारा म्हणाला सेटअप केलाय, घरी आणून बघतो तर रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला आणि नेक तरीही धनुष्यासारखा. नव्या नेकला गिटारच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले.

मग बॉडी धरून नेक बाजूला हलवून बघा, सांध्यात खुळखुळ नको. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर टूथपिक आणि फेविकॉल भरून नीट होतात, त्याला घाबरू नका. चारी तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, सावकाश, आणि प्रत्येक सूर किती वेळ टिकतो ते ऐका. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये एखादा सूर लवकर मरतो, चांगल्या गिटारीतही हे होतं, त्यामुळे तेवढ्यावरून नाही म्हणू नका. फ्रेटची टोकं हाताला खुपतायत का बघा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि टोकं बाहेर येतात, बारीक कानस मारून जातं ते. तारांखाली फ्रेटला खोल खड्डे पडलेत का हे मात्र टॉर्च लावून बघा, त्याचं काम महाग पडतं.

इलेक्ट्रिकचा भाग मला स्वतःला आवडतो आणि इथे न उघडता बरंच कळतं. केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, आणि केबलच्या दुसऱ्या प्लगच्या टोकाला आणि दांड्याला मल्टिमीटर लावून ओम मोजा. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) गिटारमध्ये एका पिकअपला (तारेची कंपनं विजेत बदलणारा भाग) ७ ते ११ किलोओमच्या दरम्यान आकडा येतो, दोन पिकअप एकदम उघडे असतील तर साधारण निम्मा. शे-दोनशे किलोओम दाखवत असेल तर पिकअपची वायर कुठेतरी तुटलीय आणि तुम्ही नुसता व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) मोजताय. बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह गिटारला ही युक्ती लागू नाही, तिला नवी बॅटरी घालून ऐकायचं. नॉब फिरवताना खरखर येते ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बऱ्याचदा जाते, सैल जॅक पण दहा मिनिटांचं काम, पण भाव करताना हे दोन्ही बोलून दाखवा. 'छेल्लो भाव शुं?' (शेवटचा भाव काय?) हे सगळं बघून झाल्यावरच विचारायचं, आधी विचारलं की बघण्यात मन लागत नाही.

एक सुरक्षेची गोष्ट. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग जोडलेलं आहे, फक्त आतलं शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं धातूचं अस्तर) कमी पडतंय. पण हाताला झिणझिण्या आल्या तर तिथेच ॲम्प बंद करा, तो दोष बहुतेक करून त्या घरातल्या सॉकेटच्या अर्थिंगचा किंवा ॲम्पचा असतो. मंडपात तर हे रोज तपासायला पाहिजे, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाजवणारी पोरं असतात.

गिटार घरी आली की लगेच पिकअप बदलायला बसू नका, कितीही हात शिवशिवले तरी. आधी पुसून घ्या, फ्रेटबोर्ड रोझवुडचा असेल तर लेमन ऑइलचा हलका हात, मेपलला पॉलिश असतं त्याला तेल नको. मग नव्या तारा, ४५ ते १०५ चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळीकडे चालतो. तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे चारेक इंच सोडून काटकोनात वाकवा आणि वाकवल्याच्या पुढे कापा, नाहीतर तारेवरची गुंडाळी सुटते आणि तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाटते. मग क्रम असा की आधी नेक, मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटवर जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवायचे, दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला की सगळं परत करावं लागतं. एवढं करून महिनाभर वाजवा. माझ्या हातून गेलेल्या स्वस्त गिटारींपैकी निम्म्याहून जास्त इथेच इतक्या सुधारल्या की पुढे काही करावंसंच वाटलं नाही.

तरी करायचंच असेल तर आधी शिल्डिंगसाठी तांब्याची टेप आणा, चिकट बाजूसुद्धा वीज वाहणारी असलेलीच, आणि पिकअपचे खड्डे आणि मागचं कंट्रोलचं खण आतून मढवून अर्थला जोडा. त्यानंतर पॉट. २५० के (किलोओम) चे, लॉग प्रकारचे, आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यावर ४७३ छापलेलं असतं, म्हणजे ४७ वर तीन शून्यं पिकोफॅरड. मोठे अमेरिकन मापाचे पॉट स्वस्त गिटारच्या भोकात बसत नाहीत, भोक मोठं करावं लागतं, म्हणून आधी मोजून घ्या. पिकअपचंही तसंच. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून त्याच आकाराचा आहे, तो बिनधास्त मागवा, पण जॅझ टाइपमध्ये (फेंडरच्याच दुसऱ्या, जॅझ बेसच्या धाटणीच्या गिटारीत) ब्रिजजवळचा पिकअप नेकजवळच्यापेक्षा दोनेक मिलिमीटर लांब असतो आणि स्वस्त गिटारीत कधी दोन्ही एकाच मापाचे लावलेले निघतात. सोल्डरिंगला २५-३० वॉटचं आयर्न पुरतं, आणि एकही वायर सोडवण्याआधी मोबाईलने चारी बाजूंनी फोटो काढा.

रंग मी कधी काढत नाही, फ्रेट काढून फ्रेटलेस करायचा मोहही आवरा, निदान पहिल्या गिटारवर. त्यापेक्षा भावगीतं, गझल वाजवायची असतील तर एकदा फ्लॅटवाउंड (वरची गुंडाळी सपाट असलेल्या) तारा लावून बघा, बोटं सरकताना येणारी किरकिर जाते आणि आवाज गोल होतो. ताण बहुतेक वेळा थोडा वाढतो, त्यामुळे आठवड्याने व्हिजिटिंग कार्ड परत काढायचं. जूनमध्ये पाऊस लागल्यावरही तेच आणि ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की परत एकदा. पार्किंगमधल्या बंद गाडीत मे महिन्यात गिटार दहा मिनिटंही ठेवू नका.

आणि जे जे काढाल ते, जुने पॉट, जुना पिकअप, त्याचे बारके स्क्रू आणि स्प्रिंगा, झिपच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा आणि ती गिगबॅगच्या (गिटार न्यायच्या पिशवीच्या) पुढच्या खिशात ठेवा, उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी तीच मागेल.